पाडव्याची नोंद: मुदत संपलेल्या उधारीचं एक प्रकरण

कायदा आणि नीती यांच्या नात्यावर बोलायचं म्हटलं की आपल्याकडची उदाहरणं ठरलेली असतात. समलैंगिक संबंधांचं कलम 377, दयामरण, फाशी. विषय मोठे आहेत, पण बहुतेकांच्या आयुष्यात ते वादापुरतेच येतात, मत देताना स्वतःच्या खिशातून काही जात नाही. म्हणून इथे मुद्दाम उधारीचं प्रकरण घेतलं आहे. माणसं आणि रकमा अभ्यासासाठी रचलेल्या आहेत. कायदा आणि मुदतीचा हिशेब खरा आहे, आणि असा व्यवहार सोलापुरात कुणाला अनोळखी वाटणार नाही.

हकीकत

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार यंत्रमागांची एक शेड. या प्रकरणातल्या मुलाचे वडील तिथं आधी चादरी काढायचे, पुढे टॉवेलकडे वळले. चादरीचं सूत एका जुन्या व्यापाऱ्याकडून यायचं, पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर. या व्यापाऱ्यांना घरातले सगळे अप्पा म्हणतात. 2018 साली चादरीला उठाव राहिला नाही. शेवटचा माल 6 जुलै 2018 ला उचलला आणि त्या बिलाची उधारी 20 ऑगस्टला पुरी झाली. त्या वर्षाची बिलं मिळून 2,85,000 रुपये बाकी राहिले. टॉवेलचं सूत दुसरीकडून येऊ लागलं आणि अप्पांचं खातं तिथंच थांबलं.

अप्पांनी नोटीस दिली नाही, दावा केला नाही, खात्याची बाकी मान्य असल्याची सहीसुद्धा कधी घेतली नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जाणं-येणं चालूच होतं. विषय निघालाच तर, "बघू की, कुठं पळून चाललाय?" एवढ्यावर संपायचा.

जून 2025 मध्ये वडील वारले. ऑगस्टमध्ये अप्पा खतावणीच्या पानाची झेरॉक्स घेऊन घरी आले. "घाई नाही बाळा, पण तुझ्या कानावर असावं." व्याजाबद्दल ते काही बोलले नाहीत. बिलावर खाली बारीक अक्षरात मुदतीनंतर अठरा टक्के व्याज असं छापलेलं होतंच.

मुलगा वकिलांकडे गेला. त्यांनी बिलं पाहिली, बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "कायद्यानं तुमच्याकडून एक रुपयाही निघत नाही."

वकिलांचा हिशेब

हा हिशेब नीट पाहायला हवा, कारण पुढचा सगळा गुंता त्यात आहे. ठरलेल्या उधारीवर विकलेल्या मालाची किंमत वसूल करायला 1963 चा मुदत अधिनियम तीन वर्षं देतो, उधारी संपल्या दिवसापासून. म्हणजे शेवटच्या बिलाची मुदत 20 ऑगस्ट 2021 ला संपायला हवी होती. पण मध्ये कोरोना आला. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला. 15 मार्च 2020 ला या बिलाची एक वर्ष पाच महिने आणि काही दिवस एवढी मुदत शिल्लक होती, ती 1 मार्च 2022 पासून पुन्हा मोजायची. ती 2023 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपते. आधीची बिलं त्याहून आधी बाद झाली. अप्पा आले ते दोन वर्षं उशिरा.

कलम 3 तर आणखी कडक आहे. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने दावा फेटाळलाच पाहिजे. मुलाने साक्षीला उभं राहून "होय, वडिलांचं देणं होतं, मला मुदतीची सबब सांगायची नाही" असं म्हटलं, तरी न्यायाधीशांचे हात बांधलेलेच. नवशिक्या विद्यार्थ्याला हे कलम वाचून धक्का बसतो. कायद्याला प्रामाणिकपणा नकोच आहे की काय, असं वाटतं.

तसं नाही. 1872 च्या करार अधिनियमात दोन जागा अशा आहेत की तिथं हाच कायदा वेगळं बोलतो. कलम 25 च्या तिसऱ्या पोटकलमात म्हटलं आहे की मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी आणि सही केलेलं वचन हा पक्का करार होतो. एरवी मोबदल्याशिवाय करार नाही. इथे ऋणको नव्याने काहीही मिळवत नाही, तरी कायदा त्याच्या वचनाला बळ देतो. कलम 60 त्याहून बोलकं आहे. ऋणकोने कोणत्या कर्जापोटी पैसे दिले हे सांगितलं नाही, तर धनकोला ते खरोखर येणं असलेल्या कुठल्याही कायदेशीर कर्जात जमा करता येतात, मग त्याची वसुली मुदतीने अडलेली असो वा नसो. मुदत गेलेल्या रकमेलाही कलम "कायदेशीर येणं" हेच नाव देतं. बॉम्बे डाइंगच्या प्रकरणात, कामगारांनी न उचललेल्या पगाराच्या रकमांवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली हेच स्पष्ट केलं. मुदत गेली म्हणून ऋण मरत नाही, फक्त न्यायालयातून वसूल होत नाही.

तेव्हा वकिलांचं "एक रुपयाही निघत नाही" हे वाक्य नेमकं वाचायचं तर त्यातला जोर "निघत" या क्रियेवर आहे. देणं नाही, असं ते म्हणाले नव्हते. मुलाने ऐकलं ते मात्र तसंच. घरी जाऊन त्याने आईला सांगितलं की वकील म्हणाले, आपल्यावर काही देणं नाही.

ओलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन न्यायाधीशाने 1897 सालच्या एका भाषणात सुचवलं होतं की कायदा काय आहे हे कळायचं असेल तर तो वाईट माणसाच्या नजरेने पाहा. त्याला नीतीचं सोयरसुतक नसतं, न्यायालय आपलं काय करेल एवढंच तो विचारतो. कित्येकांना हे बोलणं निगरगट्ट वाटतं. मला ते उपयोगी वाटतं, कारण वकिलाच्या खुर्चीत बसणाऱ्याने आधी हेच सांगायला हवं. चूक होते ती अशिलाची. वाईट माणसाच्या प्रश्नाचं उत्तर तो चांगल्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घरी घेऊन जातो.

डायरी

सप्टेंबरमध्ये शेडमधलं कपाट आवरताना वडिलांची डायरी सापडली. त्यात त्यांच्या अक्षरात दोन नोंदी होत्या. नोव्हेंबर 2019 मध्ये "अप्पांकडे सुताचे 40,000 रोख". आणि 26 ऑक्टोबर 2022 ला, त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, "अप्पांना 30,000 दिले, बाकी पुढे". पावत्या नाहीत. अप्पांच्या खतावणीत या दोन्ही रकमा जमा नाहीत. त्या काळात अप्पांचा हिशेब एक दिवाणजी पाहायचे, ते आता हयात नाहीत.

मुलाला आनंद झाला. सत्तर हजार वडिलांनी दिलेले होते, म्हणजे मागितलेली रक्कमच चूक. ही पानं घेऊन तो पुन्हा वकिलांकडे गेला, आणि वकिलांचा चेहरा उतरला.

मुदत अधिनियमाचं कलम 19 असं आहे की मुदत जिवंत असताना कर्जापोटी काही रक्कम दिली आणि ती दिल्याची कबुली देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असेल, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. 26 ऑक्टोबर 2022 ला मुदत जिवंत होती, ती ऑगस्ट 2023 पर्यंत होती. म्हणजे पाडव्याची ती एक ओळ धरली, तर अप्पांना दावा करायला 26 ऑक्टोबर 2025 पर्यंत वेळ होता. स्वतःच्या खाजगी डायरीतली नोंद या कलमाला पुरते का, यावर न्यायालयात वाद घालता आला असता. पण धोका खराच होता.

शिवाय पुराव्याच्या कायद्यात एक तिरकस गोष्ट आहे. माणसाची कबुली त्याच्याविरुद्ध आणि त्याच्या वारसांविरुद्ध सहज वापरता येते. स्वतःच्या फायद्यासाठी स्वतःचंच लेखन पुढे करणं मात्र तितकं सोपं नाही. लिहिणारा वारला असेल आणि नोंद धंद्याच्या रोजच्या ओघात केलेली असेल तर ती ग्राह्य धरण्याची वाट आहे, पण तेवढ्यावर न्यायालय सत्तर हजार वजा करेलच असं नाही. वकिलांनी हे एका वाक्यात सांगितलं: "हे पान तुमच्या विरुद्ध पळत जाईल, तुमच्या बाजूनं त्याला ओढत न्यावं लागेल."

मग त्यांनी सल्ला दिला. दावा दाखल झालेला नाही. आपण होऊन कुणाला कागद दाखवण्याची सक्ती कायद्यात नाही. डायरी फाडायची नाही. न्यायालयात पुरावा म्हणून येऊ नये यासाठी कागद नष्ट करणं हा गुन्हा आहे. पण कपाटात ठेवून गप्प बसायला हरकत नाही. दिवाळी जाऊ द्या, मग पाहू.

म्हणजे काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, सही नाकारायची नव्हती. फक्त 26 ऑक्टोबर उलटू द्यायचा होता.

मुदत ठेवलीच कशाला

इथे थांबून मुदतीच्या कायद्याची बाजू नीट मांडली पाहिजे. नाहीतर हे प्रकरण धूर्त कायदा विरुद्ध साधी नीती असं सोपं होऊन बसतं, आणि ते खोटं आहे.

मुदत कुणासाठी? ज्याने पैसे दिले पण पावती हरवली, ज्याचा साक्षीदार वारला, ज्याच्या वडिलांचा व्यवहार त्याला ठाऊकच नाही, त्याच्यासाठी. याच प्रकरणात पाहा. दिवाणजी गेले, वडील गेले, चाळीस हजारांचं काय झालं हे छातीठोकपणे सांगणारं कुणी उरलं नाही. वीस वर्षांनी नातवाच्या दारात खतावणी घेऊन कुणी उभं राहिलं तर नातवाने काय करायचं? अमेरिकन कायदेपंडित लॉन फुलर यांनी 1964 मध्ये कायद्याच्या आतल्या नीतीची कल्पना मांडली. नियम आधी माहीत असावेत, स्पष्ट असावेत, पाळता येण्यासारखे असावेत, आणि अंमल त्यांच्याबरहुकूम व्हावा. मुदत या जातीची गोष्ट आहे. ती कुणाला सद्गुणी करत नाही, पण माणसाला आपले व्यवहार कधी मिटले हे कळू देते.

उलट बाजूचा इतिहास सोलापूरला चांगला ठाऊक असायला हवा. 1859 च्या कायद्याने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता. दख्खनच्या सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी कुणब्याकडून नवा रोखा लिहून घ्यायचा, जुनं व्याज मुद्दलात घालायचं, आणि त्यावर पुन्हा व्याज. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे झाले, रोखे जाळले गेले. चौकशीत मुदतीच्या कायद्याचा हा परिणाम पुढे आला. 1879 च्या दख्खन शेतकरी सुटका कायद्याने, जो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता, अशा कर्जांची मुदत वाढवली आणि रोख्यामागचा सगळा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. ऋणकोच्या भल्यासाठीच एकदा मुदत आखडली आणि एकदा लांबवली. मुदत तीन वर्षं की बारा, याचं उत्तर कुठल्या नीतिशास्त्रात सापडणार नाही. ते त्या मुलखातल्या बाजारावर आणि माणसांवर अवलंबून असतं.

आजच्या तीन वर्षांचाही एक कडू परिणाम आहे, त्याच्याकडे कायद्याच्या वर्गात क्वचित लक्ष जातं. जो व्यापारी चौतिसाव्या महिन्यात दावा ठोकतो, त्याचे पैसे सुटतात. जो भिडेला पडतो, मित्राच्या अडचणीच्या दिवसांत दारात जात नाही, त्याची मुदत संपते. अप्पांचं येणं बुडायला आलं ते त्यांच्या चांगुलपणामुळे. याला उपाय कायद्याकडे नाही, आणि असावा असंही मला वाटत नाही. भीड मोजून मुदत वाढवणारा न्यायाधीश उद्या प्रत्येक दाव्यात भीड शोधत बसेल.

आईचं म्हणणं

आईने डायरी पाहिली. तिचा प्रश्न एकच होता. "पाडव्याच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, आणि तू ते झाकायला बघायलास?"

तिच्या बोलण्यामागे जी समज होती तिचा उगम सोलापूरपासून फार लांब नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारातला. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, हैदराबाद रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर. मनूच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या प्रकारांत, पहिलं पद ऋणादानाचं, म्हणजे कर्जाच्या देण्या-घेण्याचं आहे. बापाचं ऋण मुलाने फेडावं, हे स्मृतींत ठाम सांगितलं आहे, पण सरसकट नाही. दारू, जुगार, बाईचा नाद, न भरलेला दंड, फुकाची देणगी यांपायी झालेलं देणं मुलावर येत नाही, असं याज्ञवल्क्याने नोंदवलं आहे. म्हणजे नीतीलाही आपली कलमं आणि अपवाद होते.

पुढे इंग्रजी न्यायालयांनी या धार्मिक कर्तव्याला वसुलीचं हत्यार करून टाकलं. परलोकातल्या बापाच्या सुटकेसाठी असलेला नियम इहलोकातल्या सावकाराच्या हुकूमनाम्याला कामी आला. मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती राखली. आणि 2005 च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने ठरवलं की केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून मुला-नातवाविरुद्ध बापाच्या नव्या कर्जाची वसुली कोणतंही न्यायालय मान्य करणार नाही. मला ही दुरुस्ती योग्य वाटते. आईचा आवाज बेलीफाच्या तोंडून येऊ लागला की तो आईचा राहत नाही.

याचा अर्थ या घरासमोरून कायदा दोनदा बाजूला झाला होता. एकदा मुदत म्हणून, एकदा पितृऋणाच्या वसुलीतून. वारसा म्हणून आलेले चार माग आणि घर यांच्या किमतीपुरती जबाबदारी तेवढी उरली होती, तीही पाडव्याच्या नोंदीवर लटकलेली.

गप्प बसण्याचं काय

माझं मत सांगतो. डायरी सापडली नसती तर मुलाने अप्पांना "मला काही माहीत नाही, थोडं काहीतरी देतो" म्हटलं असतं, तरी मी त्याला दोष दिला नसता. मुदतीमागचं नैतिक कारण अंधाराचं आहे. कोण खरं बोलतंय हे आता कळणार नाही, म्हणून न्यायालय दार लावून घेतं. ज्याच्यासमोर खरोखर अंधार आहे त्याला ते कारण स्वतःचं म्हणून सांगता येतं. डायरी हातात आल्यावर मुलाला अंधार उरला नाही. निदान दोन लाख पंधरा हजार बाकी आहेत, हे त्याला बापाच्या अक्षरात कळलं. आता मुदतीचा फायदा घेणं म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीसाठी काढलेल्या सवलतीत उभं राहणं. कायदा त्याला तिथून हाकलणार नाही, कारण खरा आंधळा आणि डोळे मिटलेला यांच्यात फरक करत बसलं तर मुदत नावाची गोष्टच उरत नाही. तो फरक मुलाने स्वतःच करायचा होता.

एच. एल. ए. हार्ट या इंग्रज कायदेतत्त्वज्ञांवर नेहमी आक्षेप घेतला जातो की कायदा आणि नीती वेगळी ठेवून त्यांनी कायद्याला निर्दय केलं. 1958 मध्ये फुलर यांच्याशी झालेल्या वादात हार्ट यांचा एक मुद्दा उलटाच होता: दोन्ही वेगळी ठेवली तरच कायद्याने परवानगी दिलेल्या गोष्टीबद्दलही "हे करू नये" असं ठणकावून म्हणता येतं. या प्रकरणात मला ते पटतं. कायद्यातच नीती आली आहे असं मानणाऱ्या माणसाला वकिलाच्या दारातून बाहेर पडताना प्रश्न संपल्यासारखा वाटतो.

गप्प बसणं आणि कागद फाडणं यांच्यात फौजदारी कायद्याला मोठं अंतर दिसतं. तुरुंगाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. अप्पांच्या दृष्टीने दोन्हींचा निकाल एकच होता. नैतिक हिशेब करताना कायद्याने आखलेली रेघ उसनी घेण्याची सवय सुशिक्षित माणसांत जास्त असते, असं माझं निरीक्षण आहे.

यावर एक खरा आक्षेप आहे, तो टाळता येत नाही. शेडवर एकट्या मुलाचा हक्क नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसल्याने आई, मुलगा आणि पुण्यात राहणारी विवाहित बहीण यांचा सारखा वाटा आहे. मुलाने डायरी दाखवली तर तो बहिणीच्या वाट्यावरही बोजा ओढवून घेतो. स्वतःच्या पैशाने सज्जन होणं वेगळं. त्याने बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "बाबांचं आहे ते द्यायचंच. पण चाळीस हजाराचं अप्पांना विचार, तेवढं सोडून देऊ नकोस."

तडजोड

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगा दोन्ही पानांच्या झेरॉक्स घेऊन अप्पांकडे गेला. अप्पांनी 2022 च्या नोंदीवर बोट ठेवलं. त्या पाडव्याला वडील दुकानात आले होते, हे त्यांना आठवत होतं. खतावणीत का उतरलं नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तीस हजार त्यांनी तिथल्या तिथे वजा केले. 2019 च्या चाळीस हजारांवर मात्र ते अडले. "तू खोटं बोलायलास असं मी म्हणत नाही. पण माझा दिवाणजी पैसे खाणारा नव्हता."

यातून दोघांनी जे काढलं ते दिवाणी न्यायालयाला काढता आलं नसतं. चाळीस हजारांतले निम्मे वजा करायचे. न्यायालयात रक्कम दिल्याचं शाबीत होतं किंवा होत नाही, आणि भार ज्याच्यावर त्याने तो उचलला नाही तर सगळं जातं. शंकेची वाटणी करायची सोय तिथे नाही. दोन शहाणी माणसं ती करू शकतात. एकाचा बाप आणि दुसऱ्याचा दिवाणजी, दोघांनाही खोटं न ठरवता. बाकी राहिले 2,35,000.

व्याजाची गोष्ट मुलानेच काढली. सात वर्षं अठरा टक्क्यांनी धरलं तर मूळ बाकीपेक्षा व्याज जास्त होतं. जुन्या हिंदू कायद्यातला दामदुप्पटीचा नियम, जो मुंबईकडच्या न्यायालयांनी टिकवला, व्याजाला मुद्दलाच्या वर जाऊ देत नाही. तो मुख्यतः कर्जाऊ रकमांचा नियम आहे, मालाच्या उधारीला लावण्यावर वाद होऊ शकतो. पण 2018 चे पैसे 2025 ला तेवढेच राहत नाहीत, हे दोघांनाही दिसत होतं. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1797 मध्ये नेमकं असंच उदाहरण घेतलं होतं. गड्याला वर्षाअखेर ठरलेला पगार मिळतो, पण मधल्या काळात नाण्याची किंमत पडलेली असते. त्याची तक्रार रास्त आहे, पण न्यायालयापुढे तिला तोंड नाही, ती सदसद्विवेकापुढेच मांडता येते, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी व्याज सोडलं. मुद्दल वेळेवर येऊ दे, म्हणाले. यात थोरपणा किती आणि ऑक्टोबरनंतर हातात काहीच राहणार नाही हा व्यवहार किती, हे मला सांगता येणार नाही. मुलाने त्यांना 26 तारखेचं सांगितलं होतं, एवढं खरं. त्याने तेही सांगितलं, ही माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट.

हप्ते ठरले, पहिला गड्ड्याची यात्रा उरकल्यावर जानेवारीत. अप्पा म्हणाले, कागद कशाला? कागदाचा आग्रह मुलाच्या वकिलांनीच धरला. सप्टेंबरमध्ये गप्प बसा म्हणणाऱ्या याच माणसाने आता तडजोडीचा मसुदा केला, हप्त्यांच्या तारखा घातल्या, आणि हप्ता चुकला तर अप्पांना काय करता येईल तेही लिहिलं. मुलाने बापाच्या देण्याबद्दल दिलेलं वचन कलम 25 मध्ये चपखल बसतं की नाही यावर पुढे वाद होऊ नये, म्हणून त्यांनी ते दोन्ही बाजूंनी काही सोडून केलेली तडजोड म्हणून लिहिलं. मुदत त्या दिवशी संपलेली नव्हती असं उभयपक्षी मान्य, हेही त्यात आलं.

कागदावर सह्या मुलाच्या, आईच्या आणि अप्पांच्या आहेत. बहिणीची नाही. तिने फोनवर होकार दिला होता, दिवाळीला आली की सही करते म्हणाली होती, पण त्या वर्षी वडील गेल्यामुळे घरात दिवाळी नव्हती आणि तिचं येणं राहिलं. हप्ते शेडच्या उत्पन्नातून जाणार आहेत, आणि त्या उत्पन्नात तिचा तिसरा हिस्सा आहे. उद्या वाटणीच्या वेळी तिने किंवा तिच्या घरच्यांनी हिशेब मागितला तर फोनवरचा होकार कितपत पुरेल, हे वकिलांनी मुलाला विचारलं आहे. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.